चाकांवरच्या घरातली आंघोळ

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला जाणारे आई-वडील आता केवळ नायगारा आणि न्यूयॉर्क पाहून परततातच असे नाही. यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅनियन अशा राष्ट्रीय उद्यानांची लांबलचक सहल आखली जाते आणि तीसाठी कधी कधी गाडीमागे जोडायचे छोटे घर, म्हणजेच ट्रॅव्हल ट्रेलर, भाड्याने किंवा चक्क विकत घेतले जाते. हॉटेलचा खर्च वाचतो, चवीचे जेवण मिळते, अंथरूण आपले असते, हे सारे खरे. परंतु निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत जो प्रश्न कोणाच्या मनात येत नाही आणि पहिल्याच सकाळी जो दत्त म्हणून समोर उभा राहतो, तो असा : आंघोळ कुठे करायची? ट्रेलरमधल्या त्या कपाटाएवढ्या खोलीत, की शे-दोनशे पावलांवरच्या कॅम्पग्राउंडच्या सार्वजनिक स्नानगृहात?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण आंघोळ झाल्याखेरीज चहाचा घोटही न घेणारी माणसे ज्या घरात आहेत, तिथे तो क्षुल्लक राहत नाही. एका जागी किती दिवस मुक्काम करता येईल, गाडीने किती ओझे ओढायचे, रात्रीच्या अंधारात वृद्धांना किती चालावे लागेल, आणि क्वचित प्रसंगी प्रकृतीला धोका तर नाही ना, या साऱ्याची उत्तरे या एका प्रश्नात दडलेली आहेत. बहुतेक कुटुंबे उत्तर शोधताना 'पाणी किती आहे' एवढेच पाहतात. खरे तर पाहायला हवे ते वापरलेले पाणी जाते कुठे, हे.

तीन टाक्यांचा संसार

शहरातल्या घरात नळ सोडला की पाणी येते आणि मोरीच्या जाळीतून ते दिसेनासे होते. ट्रेलरमध्ये यातले काहीच आपोआप होत नाही. त्याच्या तळाशी तीन टाक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची. दुसरी आंघोळीच्या, हात धुण्याच्या आणि बहुधा भांड्यांच्याही सांडपाण्याची. तिसरी शौचालयाच्या मैल्याची. अमेरिकी मंडळी दुसरीला 'राखाडी' आणि तिसरीला 'काळ्या पाण्याची' टाकी म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द ऐकून अंदमान आठवले तरी येथे त्याचा संबंध नाही.

सोळा ते वीस फूट लांबीच्या छोट्या ट्रेलरमध्ये स्वच्छ पाण्याची टाकी साधारण ७५ ते १५० लिटरची असते. सांडपाण्याची टाकीही त्याच मापाची, पुष्कळदा त्याहून लहान. आता हिशेब मांडून पाहावा. अमेरिकेतील संघराज्य कायद्याने घरगुती शॉवरचा प्रवाह मिनिटाला जास्तीत जास्त अडीच गॅलन, म्हणजे सुमारे साडेनऊ लिटर, एवढा मर्यादित केला आहे. या वेगाने आठ मिनिटे अंगावर पाणी घेतले, तर ७६ लिटर पाणी जाते. टाकी शंभर लिटरची असेल, तर एका माणसाच्या एका आंघोळीत तिचा तीन चतुर्थांश भाग संपला. ट्रेलरमधला शॉवर कमी धारेचा असतो, मिनिटाला पाच-सहा लिटरचा. तरीही चार माणसांच्या घरात प्रत्येकाने चार मिनिटे शॉवर घेतला की ९० लिटर पाणी एका सकाळीच खर्ची पडते.

गरम पाण्याचे गणित याहून आखूड आहे. छोट्या ट्रेलरमधील गॅसवरचा बंब साधारणपणे सहा गॅलनचा, म्हणजे २३ लिटरचा असतो. त्यातले पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. बाहेरचे पाणी १५ अंशांचे असेल आणि अंगाला ४० अंशांचे पाणी हवे असेल, तर २३ लिटर कढत पाण्यात सुमारे १८ लिटर गार पाणी मिसळून ४१ लिटर कोमट पाणी मिळते. हेही कागदावर, कारण बंबातून गरम पाणी निघते तसे मागून गार पाणी आत शिरते आणि उरलेले निवत जाते. डोंगराळ भागात, जिथे नळाचे पाणी पाच अंशांवर असते, तिथे हेच माप ३६ लिटरांवर घसरते. एकाने मनसोक्त स्नान केले की दुसऱ्याने अर्धा तास थांबायचे, असा हा बंब आहे. ताबडतोब गरम पाणी देणारे बिनटाकीचे बंब आता अनेक नव्या ट्रेलरमध्ये येतात. त्यांनी ही प्रतीक्षा संपते. सांडपाण्याची टाकी मात्र तेवढीच राहते, किंबहुना अधिक लवकर भरते.

येथे एक सूचना करणे आवश्यक आहे. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजू शकते. घरच्या गीझरच्या सवयीने आधी गरम नळ पूर्ण सोडणाऱ्या ज्येष्ठांना आणि मुलांना ट्रेलरमध्ये प्रथम गार आणि मग हळूहळू गरम, हा क्रम सांगून ठेवावा.

पाणी कमी पडत नाही, जागा कमी पडते

स्वच्छ पाणी संपले तर त्यावर उपाय असतो. कॅम्पग्राउंडवर नळ असतो, कॅनमध्ये भरून पाणी आणता येते आणि टाकीत ओतता येते. भरलेली सांडपाण्याची टाकी मात्र जागच्या जागी रिकामी करता येत नाही. तिच्यासाठी ट्रेलर पुन्हा गाडीला जोडून, आतले सामानसुमान बांधून, उपसा केंद्रापर्यंत ओढत न्यावा लागतो. तिथे जाडजूड नळी जोडून पाणी जमिनीखालच्या गटारात सोडायचे आणि पुन्हा येऊन ट्रेलर समपातळीत उभा करायचा. तासाभराचा उद्योग.

टाकी भरली हे कळते कसे? मापदर्शक दिवे असतात, पण साबणाचा थर चढला की ते खोटे बोलू लागतात. खरा इशारा मिळतो तो न्हाणीघरात. शॉवरखालची जाळी ही साऱ्या नळकामातली सर्वांत खालची जागा असल्याने टाकी तुडुंब झाली की पाणी तिथून वर येते. कोणी सिंकमध्ये भांडी घासत असते आणि तेलकट, डाळीचे कण तरंगणारे पाणी आंघोळीच्या तबकात साचू लागते. हे दृश्य एकदा पाहिलेला माणूस पुन्हा कधी 'दोनच मिनिटे जास्त' म्हणत नाही.

मग हे साबणाचे पाणी झाडांना घातले तर काय बिघडले, असा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. परसातल्या आळूला आणि केळीला मोरीचे पाणी देण्यात आपली पिढी वाढली. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत मात्र वाहनातले सांडपाणी नेमून दिलेल्या जागेखेरीज अन्यत्र सोडण्यास नियमाने मनाई आहे. एवढेच नव्हे, तर सार्वजनिक पिण्याच्या नळावर आंघोळ करणे, कपडे वा भांडी धुणे यालाही बंदी आहे. ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवर पाय धुण्यासाठी छोटा शॉवर बसवलेला असतो. तो आहे म्हणून त्याखाली उभे राहून स्नान उरकावे, असा त्याचा अर्थ होत नाही, कारण त्याचे पाणी थेट जमिनीवर जाते. एका ट्रेलरने फरक पडणार नाही. पण एकाच जागेवर हंगामभर दर दोन दिवसांनी नवा ट्रेलर येतो आणि खरकट्या पाण्याच्या वासाने अस्वलेही येतात. योसेमिटीत तर साबण, टूथपेस्टसारख्या सुवासिक वस्तूंनाही खाद्यपदार्थांचेच नियम लागू आहेत. साबणाची डबी बाहेरच्या टेबलावर विसरून चालत नाही.

कपाटातले न्हाणीघर

ट्रेलरच्या अगदी लहान आकारांत शौचालय आणि शॉवर एकाच बंदिस्त खोलीत असतात. तिला 'ओले बाथरूम' म्हणतात. शॉवर सुरू केला की कमोड, भिंती, दार, सारे भिजते. शौचालयाचा कागद आधी बाहेर काढून ठेवावा लागतो. विसरला की लगदा. आंघोळीनंतर रबरी पट्टीने किंवा फडक्याने सर्वत्र पुसून काढावे लागते, अन्यथा मागून येणाऱ्याचे मोजे ओले होतात. थोड्या मोठ्या ट्रेलरमध्ये शॉवरची जागा वेगळी असते, पण तिथे प्लास्टिकचा पडदा अंगाला चिकटतो आणि उंच माणसाला मान वाकवून उभे राहावे लागते.

याहून गंभीर गोष्ट वाफेची आहे. दहा-बारा चौरस मीटरच्या बंद घरात सकाळी चौघांनी गरम पाण्याने आंघोळ केली, तर ती वाफ जाणार कुठे? बाहेर थंडी असते, भिंती पातळ असतात. खिडक्यांच्या चौकटींवर, गाद्यांच्या खाली, कपाटांच्या मागे दव धरते. छतावरचा पंखा न लावता रोज आत आंघोळ केली की बुरशी येते आणि लाकडी सांगाडा असलेल्या ट्रेलरची जमीन कालांतराने कुजू लागते. विकत घेतलेल्या ट्रेलरच्या बाबतीत हा तोटा कोणत्याही पाणीपट्टीपेक्षा मोठा आहे. त्यामुळे थंडीतही छताची झडप उघडून पंखा चालवावा लागतो, आणि ओल्या अंगाला तो झोंबतो.

एवढे असूनही ट्रेलरमधल्या शॉवरची एक बाजू फार भक्कम आहे आणि ती स्त्रियांना चटकन पटेल. त्याची तोटी हातात धरायची असते. केस न भिजवता नुसते अंग धुणे आणि डोक्यावरून न्हाणे हे दोन वेगळे प्रकार आपल्याकडे आहेत. सार्वजनिक स्नानगृहात तोटी बहुधा डोक्याच्या वर भिंतीत घट्ट बसवलेली असते. तिच्याखाली केस कोरडे ठेवणे म्हणजे कसरतच. लांब केसांच्या बाईने रोज ओल्या केसांनी थंडीत ट्रेलरपर्यंत चालत यायचे, यापेक्षा प्लास्टिकची टोपी बरोबर ठेवणे शहाणपणाचे.

पावणेदोन डॉलरमध्ये गरम पाणी

आज स्नानगृह असलेले ट्रेलर सर्रास मिळतात, म्हणून ती सोय पहिल्यापासून होती असे समजण्याचे कारण नाही. सुरुवातीचे बहुतेक ट्रेलर म्हणजे चाकांवरची झोपायची जागा आणि एक स्टोव्ह, एवढेच होते. एअरस्ट्रीम या प्रसिद्ध कंपनीने १९५७ मध्ये बाहेरच्या कोणत्याही जोडणीशिवाय चालू शकणारा स्वयंपूर्ण ट्रेलर बाजारात आणला. त्यातही ही चैन सर्वांच्या आवाक्यातली नव्हती. उरलेल्यांची गरज भागवली ती खासगी कॅम्पग्राउंडनी. १९६२ मध्ये सिएटल येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिकडे निघालेल्या वाहनांची रीघ पाहून माँटाना राज्यातील बिलिंग्ज येथे यलोस्टोन नदीकाठी एक तळ सुरू झाला. रात्रीला पावणेदोन डॉलर, आणि त्यात बाकडे, चूल, छोटे दुकान आणि गरम पाण्याचे शॉवर. त्यातूनच 'केओए' ही आज उत्तर अमेरिकाभर पसरलेली कॅम्पग्राउंडची साखळी उभी राहिली. गाडीत झोपणाऱ्या प्रवाशाला सर्वांत जास्त काय हवे असते, हे त्या पाटीने बरोबर ओळखले होते.

सरकारी तळांवर मात्र ही सोय गृहीत धरता येत नाही आणि मराठी कुटुंबांची खरी फसगत होते ती इथे. 'राष्ट्रीय उद्यान' म्हणजे सर्व सोयी असणारच, अशी समजूत असते. प्रत्यक्षात योसेमिटीतील एकाही कॅम्पग्राउंडवर शॉवर नाही. खोऱ्यातल्या करी व्हिलेज येथे पैसे देऊन आंघोळ करता येते, पण तिथवर जावे लागते. ट्रेलरला नळ-गटार जोडण्याची सोयही योसेमिटीच्या तळांवर नाही. यलोस्टोनमध्ये कॅनियन, ग्रँट व्हिलेज आणि फिशिंग ब्रिज येथे शॉवर आहेत. मॅडिसन आणि ब्रिज बे येथे नाहीत, आणि राष्ट्रीय उद्यान सेवा स्वतः चालवते त्या लहान तळांवरही नाहीत. फिशिंग ब्रिजला तर अस्वलांच्या वावरामुळे केवळ टणक भिंतींच्या वाहनांनाच प्रवेश आहे, तंबूंना नाही. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर मॅथर कॅम्पग्राउंडजवळ नाणी टाकून चालणारे शॉवर आणि कपडे धुण्याची यंत्रे आहेत, पण ती एका वेगळ्या इमारतीत. उलट ओरेगन राज्याच्या उद्यानांत बहुतेक मोठ्या तळांवर गरम शॉवर मुक्कामाच्या शुल्कातच मिळतो. तेव्हा आरक्षण करताना उद्यानाचे नाव नव्हे, त्या विशिष्ट तळाचे सोयीपत्रक वाचावे.

नाण्यांवर चालणाऱ्या शॉवरचाही एक रिवाज आहे. पंचवीस सेंटची नाणी ठरावीक संख्येने टाकली की ठरावीक मिनिटे पाणी येते आणि मग ते न सांगता बंद होते. डोळ्यांत साबण असताना चाचपडत नाणे शोधण्याची वेळ येऊ नये म्हणून सुटी नाणी आधीच मोजून कोरड्या कोनाड्यात ठेवावीत. काही ठिकाणी दाबाचे बटण असते; ते काही सेकंद पाणी सोडते आणि पुन्हा दाबावे लागते. पाण्याचे तापमान कोणा तिसऱ्यानेच ठरवलेले असते. सकाळी सात ते नऊ या वेळेत रांग असते आणि नेमक्या त्यानंतर सफाईसाठी दारे बंद होतात. फिरून आल्यावर दुपारी चारच्या सुमारास गेल्यास गर्दी कमी आणि फरशी स्वच्छ. पायात रबरी चपला घालूनच आत जावे. ओल्या सार्वजनिक फरशीवरून बोटांच्या बेचक्यांतील नायटा घरी येण्यास वेळ लागत नाही.

आणखी एक. सार्वजनिक सोय ही सार्वजनिक असल्यामुळेच कधी कधी बंद पडते. २०२० मध्ये करोनाच्या साथीत अमेरिकेत अनेक तळ उघडले तेव्हा स्नानगृहे कुलूपबंद होती आणि स्वतःचे शौचालय व टाक्या असलेल्या वाहनांनाच काही ठिकाणी प्रवेश होता. स्वतःच्या न्हाणीघराचे आकर्षण तेव्हा एकाएकी वाढले. २०२१ मध्ये तिथल्या उत्पादकांनी अशी सहा लाखांहून अधिक वाहने विक्रीसाठी रवाना केली. तो उच्चांक ठरला आणि २०२३ पर्यंत हा आकडा ३ लाख १३ हजारांवर उतरला. ग्रँड कॅनियनमध्ये तर साथीची गरजही नाही. दक्षिण काठाचे सारे पाणी कॅनियनच्या पोटातल्या एका झऱ्यातून १९६० च्या दशकात टाकलेल्या, सुमारे २० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने येते. ही वाहिनी वारंवार फुटते. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ती चार ठिकाणी फुटली आणि २९ ऑगस्टपासून, ऐन सुट्टीच्या आठवड्यात, दक्षिण काठावरील हॉटेलांतील मुक्काम थांबवावा लागला. कॅम्पग्राउंडवर राहण्यास परवानगी होती, पण तळावरचे नळ बंद. त्या दिवसांत भरलेली टाकी घेऊन आलेला ट्रेलरवाला सुखी होता.

तांब्या बरा की शॉवर?

अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर गोडे पाणी तोलूनमापून वापरावे लागे. त्यातून 'नेव्ही शॉवर' ही पद्धत रूढ झाली : अंग भिजवायचे, पाणी बंद करायचे, साबण लावायचा, पुन्हा पाणी सोडून धुवायचे. ट्रेलरच्या मार्गदर्शिकांत हाच मंत्र सांगितलेला असतो आणि त्यासाठी तोटीवर एक कळ असते. ती पूर्ण बंद होत नाही, थेंब थेंब गळत राहते. हा दोष नसून मिश्रणाचे तापमान टिकावे, पुन्हा सोडताच कढत वा बर्फगार पाणी अंगावर येऊ नये म्हणून केलेली योजना आहे. या पद्धतीने आठ ते अकरा लिटरांत आंघोळ होते.

आता विचार करावा. अंग भिजवणे, साबण लावणे आणि मग पाणी घेणे, हे आपण नवे शिकायचे आहे काय? बादली आणि तांब्याची आंघोळ दुसरे काय आहे? पंधरा-वीस लिटरांची बादली ही आपली नेहमीची चाल. पण त्याच हिशेबाने दहा लिटरांच्या छोट्या बादलीत उत्तम आंघोळ होते. पाणी आधीच मिसळलेले असल्याने भाजण्याची भीती नाही. किती उरले ते डोळ्यांना दिसते, जे शॉवरमध्ये कधीच दिसत नाही. गरम पाणी येईपर्यंत नळीतले एक-दोन लिटर गार पाणी वाया जाते, तेही बादलीतच धरले जाते. अमेरिकी ग्राहक ज्या गोष्टीकडे तडजोड म्हणून पाहतो, ती आपल्या घरात रोजची होती. मग परदेशी बाथरूममध्ये पाऊल ठेवताच तांब्या अडगळीत का जातो, हे कोडेच आहे.

दोघांच्या तीन दिवसांच्या मुक्कामाचा हिशेब पाहू. दहा लिटरांच्या सहा आंघोळी म्हणजे ६० लिटर. भांड्यांना दिवसाला आठ लिटर धरले तर २४. एकूण ८४ लिटर. शंभर लिटरांच्या टाकीत बसले. हेच दोघे शॉवरखाली सहा-सहा मिनिटे उभे राहिले, तर पहिल्याच दिवशी ७० लिटर जातात आणि दुसऱ्या दिवशी ट्रेलर ओढत उपसा केंद्राकडे जावे लागते.

वृद्धांसाठी तर बसून आंघोळ हीच सुरक्षित. ओल्या बाथरूममध्ये कमोडचे झाकण बंद करून त्यावर बसावे, पायांशी बादली ठेवावी, दार किंचित उघडे राहू द्यावे. उभे राहून, एका हाताने तोटी आणि दुसऱ्या हाताने साबण सांभाळत, घसरड्या प्लास्टिकच्या तबकात तोल राखणे सत्तरीच्या माणसाने करू नये. ज्या तळावर शॉवर आहे तिथे चाकाच्या खुर्चीसाठी राखलेली मोठी खोली आहे का, ते पाहावे. तिथे बसायला पाट आणि धरायला दांडा असतो. अशी खोली असेल, तर दिवसाउजेडी तिथे जाणे ट्रेलरपेक्षा निश्चित चांगले. रात्रीचे शौचालय मात्र ट्रेलरमधलेच असावे. अंधारात विजेरी घेऊन दगडगोट्यांतून चालणे, आणि तेही अस्वलांच्या मुलखात, कोणाच्याही आई-वडिलांच्या नशिबी येऊ नये.

म्हणूनच ट्रेलर विकत घेणाऱ्यांना सांगावेसे वाटते की, विक्रेता शॉवरची तोटी दाखवू लागला तर आपण शौचालय आणि सांडपाण्याची टाकी पाहावी. शॉवर नसला तरी निभावते. मुलाबाळांसह, थोरामोठ्यांसह प्रवास करणाऱ्यांना शौचालय नसल्यास निभावत नाही. आणि टाकी भरून महामार्गावर निघू नये : दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो वजन. मुक्कामाच्या जवळ आल्यावर भरावी.

नाकात मात्र हे पाणी नको

टाकीतल्या पाण्याविषयी एक गोष्ट प्रत्येक मराठी कुटुंबाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२५ च्या मे महिन्यात एक प्रकरण प्रसिद्ध केले. टेक्सासमधील एका कॅम्पग्राउंडवर ७१ वर्षांच्या, तोवर निरोगी असलेल्या महिलेने वाहनातील नळाच्या पाण्याने नाक धुतले. चार दिवसांनी ताप, डोकेदुखी आणि भ्रम अशी लक्षणे सुरू झाली आणि लक्षणे दिसल्यापासून आठ दिवसांत तिचा मृत्यू झाला. कारण होते 'नेग्लेरिया फाउलेरी' हा कोमट गोड्या पाण्यात वाढणारा अमीबा. पाणी पोटात गेल्याने तो काही करत नाही. नाकातून शिरला तर मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्यातून वाचणारे अत्यंत विरळा.

नाक धुणे म्हणजे आपली जलनेती. योगाभ्यास करणारे कितीतरी ज्येष्ठ प्रवासातही नेतीचे भांडे बरोबर नेतात. त्यांनी ट्रेलरच्या टाकीचे, तसेच कॅम्पग्राउंडच्या नळाचेही पाणी थेट वापरू नये. बाजारातले ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे किंवा पाणी खळखळून उकळून निवू द्यावे. साधारणतः एक मिनिट उकळणे पुरते, परंतु समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे उकळावे, असे हे केंद्र सांगते. आणि यलोस्टोनचे अनेक तळ व ग्रँड कॅनियनचे काठ त्या उंचीवरच आहेत. हे आजार फार दुर्मीळ आहेत, आंघोळीला घाबरण्याचे कारण नाही. काळजी घ्यायची ती नाकाची.

बराच काळ उभ्या राहिलेल्या ट्रेलरची टाकी वापरण्यापूर्वी निर्जंतुक करण्याची रीत सोपी आहे. दर ५५-६० लिटर पाण्याला पाव कप साधे, सुगंध नसलेले ब्लीच मिसळून टाकी भरावी, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत ते पाणी खेळवावे, काही तास तसेच ठेवावे आणि मग वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावे. भाड्याने घेतलेल्या ट्रेलरचे हे काम शेवटचे केव्हा झाले, हे ताबा घेताना विचारण्यास संकोच करू नये. पिण्याचे पाणी भरण्याची नळी वेगळी, पांढरी, पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून विकली जाणारी असावी. टाक्या धुण्याच्या नळीशी तिची गल्लत होता कामा नये.

राहता राहिला उपसा केंद्रावरचा क्रम. आधी मैल्याची टाकी उघडायची आणि ती पूर्ण रिकामी झाल्यावर सांडपाण्याची. दोन-तीन दिवस साठवलेले आंघोळीचे साबणपाणी शेवटी सोडले की तीच नळी आतून धुऊन निघते. मग हातमोजे काढावेत, हात साबणाने धुवावेत आणि स्वच्छ पाण्याची टाकी भरण्यासाठी दुसऱ्या नळाकडे वळावे.